रात्रीची लाईट

माढा, पंढरपूर, मोहोळ हे उजनीच्या पाण्यावर ऊस उभा असलेले सोलापूर जिल्ह्यातले तालुके. इथल्या शेतकऱ्याला ‘काय चाललंय?’ असं विचारलं तर पुष्कळदा एवढंच उत्तर मिळतं, ‘रात्रीची लाईट हाय.’ शहरातल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. घरातली वीज वेगळ्या फीडरवर, म्हणजे वाहिनीवर, मोटारीची वेगळ्या. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. आठवड्यातले काही दिवस दिवसाचे, काही रात्रीचे. वेळापत्रक बदललं की घराचंच वेळापत्रक बदलतं.

रात्री दहाच्या सुमाराला लाईट येते. स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल तर मोटार आपली आपण सुरू होते, पण पाणी आपलं आपण सरीत शिरत नाही. दारं धरायला माणूस लागतो. एक सरी भरली की खोऱ्याने माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं, आणि ती भरेपर्यंत बांधावर बसायचं. पाय चिखलात, डोक्याला बॅटरी, नजर पाचटात कुठे काही सळसळतंय का तिकडे. एका सरीला लागणाऱ्या वेळात डुलकी लागते, आणि जास्त लागली तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं. मध्येच एखादा फेज उडतो. मग डीपीपर्यंत चक्कर. सकाळी घरी यावं तर धारा काढायची वेळ, डेअरीची गाडी गाठायची घाई. पाठ टेकायला नऊ वाजतात. तोवर उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो.

रात्रपाळीचा माणसावर काय परिणाम होतो यावर गेल्या पन्नास वर्षांत ढीगभर संशोधन झालं. त्यात परिचारिका आहेत, पोलीस आहेत, वैमानिक, कारखान्यातले कामगार, कॉल सेंटरमधली पोरं आहेत. उसाला पाणी देणारा माणूस त्या यादीत सहसा दिसत नाही, कारण त्याला कुणी पाळीचा कामगार मानतच नाही. त्याच्या कामाला हजेरीपट नाही, रात्रपाळीचा भत्ता नाही. तरीही जैविक घड्याळाच्या अभ्यासकांनी जे शोधून काढलं ते ताडून पाहायला त्याच्याइतकं चपखल उदाहरण सापडणं कठीण.

त्या शोधाची सुरुवात झाडांपासून झाली. चिंचेची पानं रात्री मिटतात ही नोंद सिकंदराच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनिसने करून ठेवली होती. पण पानं अंधार पडला म्हणून मिटतात की आतून काही सांगावा येतो, हा प्रश्न १७२९ साली फ्रान्सच्या द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाला पडला. त्याने लाजाळूसारखं एक झाड काळोखात ठेवलं. उजेडाचा पत्ता नसतानाही पानं वेळेवर उघडत मिटत राहिली. माणसाच्या बाबतीत हेच पाहायला विसावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीत युर्गेन आशॉफ यांनी १९६०च्या दशकात जमिनीखाली खोल्या बांधल्या आणि त्यात माणसांना घड्याळ, खिडकी, रेडिओ यांच्याविना काही आठवडे राहू दिलं. झोप-जागेपणाचं चक्र चालूच राहिलं, फक्त ते चोवीस तासांहून थोडं लांब निघालं. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ मध्ये अधिक काटेकोर मोजणी केली, ती भरली सरासरी चोवीस तास अकरा मिनिटं. आपल्याकडे मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर आणि एकांतात ठेवलेल्या माणसांवर असेच प्रयोग केले. भारतात या शास्त्राचा पाया त्यांनी घातला असं म्हटलं तर चुकणार नाही.

सोलापूरहून फार लांब न जाताही या शास्त्राचा माग लागतो. अहमदनगर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दिलीप जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशांच्या घड्याळावर वर्षानुवर्षं काम केलं. केळं पिकून काळं पडलं की घोंघावतात त्याच या माशा. देशाच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या माशा गोळा करून, त्यांच्या कोशातून बाहेर पडण्याच्या वेळा मोजल्या, तेव्हा जिथली माशी तिथलं घड्याळ असा फरक दिसला. अक्षांश बदलला की दिवसाची लांबी बदलते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या लांबीशी जुळवून घेताना घड्याळही बदलत जातं. फळमाशीच्याच पेशींतली ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. मूळ कल्पना सोपी आहे. पेशीतलं एक जनुक एक प्रथिन बनवतं, ते प्रथिन साठत साठत त्याच जनुकाचं काम थांबवतं, मग हळूहळू विरून जातं, आणि काम पुन्हा सुरू होतं. या एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो.

माणसाच्या शरीरात अशी घड्याळं जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत. यकृताचं वेगळं, स्वादुपिंडाचं वेगळं. त्या सगळ्यांना एका तालात ठेवणारं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. साधारण वीस हजार पेशी, बस्स. त्यांना रोज ती अकरा मिनिटं भरून काढून सूर्याशी मिळवून घ्यावं लागतं, आणि हे काम उजेड करतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण शेतकऱ्याची गोष्ट इथेच वेगळी होते.

डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचं काम करणाऱ्या पेशी असतात हे शाळेत शिकवतात. पण तिथे आणखी एका जातीच्या पेशी आहेत हे नीट सिद्ध झालं ते २००२ मध्ये, अमेरिकेतल्या डेव्हिड बर्सन यांच्या प्रयोगातून. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नाही. बाहेर किती उजेड आहे हे मापून त्या थेट मुख्य घड्याळाला कळवतात. उजेड लक्स या एककात मोजतात. सोलापूरच्या मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास जातं, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही पुरा भरत नाही. डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि पडदाही उजेडाला सरावतो. घड्याळाला मात्र पक्का जाणवतो.

आता गिरणीतला रात्रपाळीवाला घ्या. तो ट्यूबलाईटच्या झगझगाटात रात्र काढतो, दिवसा खोलीत झोपतो. त्याचं घड्याळ थोडं सरकतं, थोडं अडखळतं. कायम रात्रपाळी करणाऱ्यांमध्येही ज्यांचं घड्याळ पुरतं उलटं फिरतं असे लोक शंभरात तीनसुद्धा निघत नाहीत, असं सायमन फोकार्ड यांनी २००८ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून दाखवलं. शेतकऱ्याची तऱ्हा याहून अवघड. त्याच्या रात्रीत उजेड जवळजवळ नाहीच. बॅटरीचा झोत जमिनीवर, बाकी काळोख. मग सकाळी तो कोवळ्या उन्हात धारा काढतो, दुपारी पुन्हा रानात. म्हणजे घड्याळाला हलवणारं काहीच घडत नाही, उलट रोजचं ऊन त्याला दिवसाशी घट्ट बांधून ठेवतं. रात्रीची लाईट किती दिवस चालू राहिली तरी त्याचं शरीर पहाटे तीन-चारला झोपेतच असतं. त्या वेळी शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं, मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक भरात असतं, हातपाय चालले तरी लक्ष लागत नाही. रात्रपाळीतले अपघात याच तासांत का दाटतात, ते यातून कळतं. शेतात तर या वेळी हातात तीन फेजची वीज आणि पायाखाली ओली माती.

आणि त्याचं वेळापत्रक आठवड्यातच उलटतं. मुख्य घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकू शकतं, म्हणजे पूर्ण उलटायला दहा-बारा दिवस लागतील. तेवढी सवड फीडर देत नाही.

वेळ कुणाच्या सोयीने ठरवायची, हा झगडा महाराष्ट्रातल्या कामगारांना नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी सगळ्यांना माहीत आहे. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मेलाटोनिनचा शोध लागायला अजून चौऱ्याहत्तर वर्षं होती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच गळून पडली. मुंबईत १९०५ च्या सुमाराला कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले गेले, त्यावरून दंगे झाले. त्यानंतर लगेच, जानेवारी १९०६ मध्ये, सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे होती. गिरणीचं घड्याळ तेवढं पुढे गेलं म्हणजे तेवढ्या आधी उठणं आलं, म्हणून जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी काम थांबवलं. मुंबई पालिकेने तर पुढे कित्येक दशकं जुनीच वेळ चालवली. आपण हा किस्सा मुंबईकरांच्या हट्टीपणाचा म्हणून सांगतो. मला तो शहाणपणाचा वाटतो.

सोलापूरच्या बाबतीत हा फरक सव्वीस मिनिटांचा आहे. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरवलेली, सोलापूर सुमारे शहात्तरवर. म्हणून जानेवारीत इथे सूर्य उगवायला सात वाजतात, आणि सकाळच्या शाळेची पोरं अंधारात घराबाहेर पडतात. सूर्यास्त उशिरा होतो तिथे मुलं उशिरा झोपतात, शाळेची घंटा मात्र देशभर एकाच वेळेला, हे भारतातल्याच आकडेवारीवरून मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं आहे. वर्षाचा सरासरी सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी भरते, असा त्याचा हिशेब.

सोलापूर शहरात एकेकाळी जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी यांच्या भोंग्यांवर घरं चालत. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा. भोंगे गेले. पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट राहिला, जोडीला नळ आला. नळ म्हणतो तो अशासाठी, की या शहरात पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा मध्यरात्र आहे की पहाट हे पाहत नाही. ज्या दिवशी पाळी, त्या रात्री घरातल्या बाईची झोप अर्धीच. एक कान नळाकडे. अशी झोप तासांत मोजली तर कदाचित सात भरेल, पण तिचे तुकडे पडलेले असतात. विड्या वळणारी बाई तर त्याच दिवशी सकाळी पानं कापायला बसते. तिने ‘डोकं जड आहे, कशात मन लागत नाही’ म्हटलं, तर डॉक्टर रक्त तपासतात, लोहाची गोळी देतात. पाणी किती वाजता येतं, हे विचारणारा डॉक्टर भेटला तर तिचं नशीब.

तुकड्यांच्या झोपेचं मोजमाप चेन्नईत झालं आहे. गौतम राव, फ्रँक शिलबाख, हेदर स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या साडेचारशे कामगारांच्या मनगटाला यंत्र बांधलं. माणसं अंथरुणात आठ तास घालवत होती, प्रत्यक्ष झोपत होती साडेपाच. डास, उकाडा, आवाज. मग त्यांना डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या, पंखे, कानात घालायची बोंडं, झोपेबद्दल सल्ला असं सगळं दिलं. झोप रोज सत्तावीस मिनिटांनी वाढली, पण कामात किंवा मनःस्थितीत फरक पडला नाही. बहुधा वाढलेली झोपही तशीच तुटकी होती. फरक पडला तो दुसऱ्या एका साध्या गोष्टीने. कामाच्या ठिकाणीच दुपारी अर्धा तास आडवं व्हायची सोय करून दिली, तेव्हा काम सुधारलं आणि मनही बरं वाटू लागलं. २०२१ मध्ये हा अभ्यास अर्थशास्त्राच्या एका मातब्बर नियतकालिकात छापून आला. वामकुक्षीची थट्टा करणाऱ्या पुण्याबाहेरच्या सर्वांनी तो वाचावा.

झोप आणि मन यांचं नातं डॉक्टरांनी फार काळ एकाच बाजूने पाहिलं. उदास माणसाला झोप येत नाही, उदासी बरी झाली की झोप येईल. हा क्रम उलटाही असतो, हे दाखवायला डॅनियल फ्रीमन यांनी ब्रिटनमधल्या सव्वीस विद्यापीठांतले ३,७५५ विद्यार्थी घेतले. निद्रानाश असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना फक्त झोप सुधारण्याचं प्रशिक्षण ऑनलाइन दिलं, मनाबद्दल काही नाही. झोप सुधारली, आणि तिच्यासोबत संशय, भास, उदासी, चिंता यांचंही प्रमाण उतरलं. हा अभ्यास २०१७ चा.

तासांपेक्षाही नेम महत्त्वाचा ठरतो तो द्विध्रुवी विकारात. या आजारात माणूस कधी खोल उदासीत जातो, तर कधी उन्मादात. उन्मादात झोप लागत नाही, नव्हे, तिची गरजच वाटत नाही, पैसे उधळले जातात, बोलणं थांबत नाही. ज्याला हा आजार आहे त्याची एक-दोन रात्रींची झोप गेली तर त्यातूनच उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. लग्नघर, जागरण-गोंधळ, यात्रेची रात्र आणि वर आठवडाभर रात्रीची लाईट, हे त्याच्यासाठी साधं श्रमाचं काम राहत नाही. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी या रुग्णांसाठी एक उपचारच बेतला. उठण्याची, पहिल्या माणसाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची वेळ रोज लिहून काढायची आणि ती हळूहळू पक्की करायची. गोळ्यांसोबत हे केलं तर पुढचा झटका लांबणीवर पडतो, असं त्यांच्या चाचणीत दिसलं. या आजारावरचं सर्वांत जुनं आणि भरवशाचं औषध लिथियम. त्याचाही जैविक घड्याळावर परिणाम होतो, ते त्याची फेरी लांबवतं.

उजेडाचं बोलायचं तर इटलीतल्या मिलान शहरात फ्रान्चेस्को बेनेदेत्ती यांनी २००१ मध्ये काहीच न बदलता एक गोष्ट मोजली. रुग्णालयाच्या पूर्वेकडच्या खोल्यांत, जिथे सकाळचं ऊन थेट येत असे, तिथले द्विध्रुवी उदासीचे रुग्ण पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक लवकर घरी गेले होते. या एका बाबतीत आपला शेतकरी श्रीमंत आहे. ऊन त्याला विकत घ्यावं लागत नाही. ब्रिटनमध्ये मनगटावर उजेडमापक बांधून ८६,७७२ लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. रात्री ज्यांच्यावर जास्त उजेड पडे त्यांच्यात मनोविकार अधिक, दिवसा ज्यांना जास्त उजेड मिळे त्यांच्यात कमी. मोबाईलवर रात्री एक वाजेपर्यंत रील पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला हा निष्कर्ष लागू पडतो, बापाला फारसा नाही.

बापासाठी कामाची गोष्ट वेगळ्या प्रयोगातून आली. बोस्टनमध्ये फ्रँक शीर यांच्या गटाने २०२२ मध्ये एकोणीस माणसांना प्रयोगशाळेत नकली रात्रपाळी करायला लावली. काहींनी रात्री आणि दिवसा, दोन्ही वेळा खाल्लं. काहींनी फक्त दिवसाच्या तासांत. रात्रीही खाणाऱ्यांची उदासीची पातळी सव्वीस टक्क्यांनी आणि चिंतेची सोळा टक्क्यांनी चढली. फक्त दिवसा खाणाऱ्यांची चढली नाही. माणसं थोडी होती, निष्कर्ष एकदम डोक्यावर घेऊ नये. तरी बांधावर रात्री दोन वाजता भाकरी सोडण्यापेक्षा दहाच्या आत जेवून जावं आणि नंतर पाणी नाहीतर फार तर चहा यावर भागवावं, यात तोटा काही नाही. दुसरी गोष्ट, पाणी देऊन आल्यावर डेअरीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं आणि माणूस सातच्या आत काळोख्या, गार खोलीत झोपला, तर तीन-चार तासांची सलग झोप मिळते. दुपारी पुन्हा तासभर. ज्याला द्विध्रुवी विकार आहे, त्याने मात्र रात्रीचं पाणी द्यायलाच जाऊ नये. हे काम भाऊबंदांत वाटून घ्यावं, आणि डॉक्टरांना ‘आमच्याकडे रात्रीची लाईट असते’ हे आपणहून सांगावं. मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गार खोली म्हणणं सोपं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान सुमारे एक अंशाने उतरावं लागतं, आणि ते उतरवायला त्वचेवाटे उष्णता बाहेर जावी लागते. भिंतच तापलेली असेल तर ती जाणार कुठे? अडुसष्ट देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी यंत्रांवरून केल्टन मायनर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला, की उकाड्यामुळे आजच माणशी वर्षाला सुमारे चव्वेचाळीस तासांची झोप बुडते. बायका, म्हातारी माणसं आणि गरीब देश यांची जास्त. जगाला चादरी विणून देणारं सोलापूर एप्रिल-मे महिन्यात स्वतः चादर न घेता गच्चीवर झोपतं, ते काही हौसेने नाही.

दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीचे फीडर दिवसा त्यांवर चालवायचे, असा बेत. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. जिथे हे पोचलं तिथे माणसं रात्री घरी झोपू लागली आहेत, आणि तक्रारीही बदलल्या आहेत. सौर पंप पूर्ण दाबाने चालतो तो साधारण सकाळी नऊ ते दुपारी चार, म्हणजे नेमका मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत. दारं धरणाऱ्याला उन्हाचा चटका, सरीतल्या पाण्याची वाफ. म्हणून काही जण म्हणतात, उन्हाळ्यात आपली रात्रीचीच बरी होती. ठिबक असलेल्याला हा प्रश्न येत नाही, व्हॉल्व्ह फिरवून तो सावलीला बसतो. पाट-सरीवाल्याला येतो. योजनेच्या बैठकीत मेगावॉट, एकर आणि अनुदान मोजलं जातं. त्या रकान्यांत फीडर दिवसाचा झाल्यावर गावात माणसं किती वाजता झोपतात आणि किती वाजता उठतात, एवढे दोन आकडे जोडायला आशा सेविकेला एक वही पुरेल.